संमोहनाच्या खुर्चीत: पोटाच्या दुखण्यावरचा उपचार आतून कसा असतो

संमोहनाला पहिल्यांदा गेलेला माणूस बाहेर येऊन हमखास एकच वाक्य म्हणतो: ‘मला सगळं ऐकू येत होतं, म्हणजे काही झालंच नाही.’ वास्तविक सगळं ऐकू येणं हाच नेहमीचा प्रकार. पंख्याचा आवाज येत असतो, शेजारच्या घरात मिक्सर लागतो, आपला हात खुर्चीच्या दांड्यावर आहे हेही कळत असतं. फक्त त्या सगळ्याचं काही वाटेनासं होतं. शुद्ध हरपत नाही, तोंडून गुपितं आपोआप बाहेर पडत नाहीत, आणि नको वाटलं तर मधेच डोळे उघडून उठून जाता येतं. गाढ झोपेची अपेक्षा ठेवून आलेल्यांची इथेच निराशा होते, आणि त्या निराशेपायी बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीनंतर फिरकत नाहीत.

पुढचं वर्णन आहे ते पोटासाठीच्या संमोहनाचं, म्हणजे आयबीएस ऊर्फ इरिटेबल बाउल सिंड्रोमवरच्या (पोट वारंवार दुखणं, फुगणं, शौचाची सवय बिघडणं) उपचाराचं. संमोहनाची दुकानं पुष्कळ आहेत. धूम्रपान, वजन, परीक्षा, आत्मविश्वास, काय म्हणाल त्यावर कोणीतरी संमोहन देतं. पण ज्या थोड्या ठिकाणी त्याची नीट पारख झाली आहे, त्यात आयबीएस आघाडीवर आहे. मँचेस्टरचे पीटर व्हॉरवेल आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ३० रुग्णांवरचा अभ्यास छापला. सगळे औषधांना दाद न देणारे. त्याच गटाने २०१५ मध्ये १,००० रुग्णांचा हिशेब मांडला, त्यात ७६ टक्के लोकांच्या त्रासाचे गुण ५०० पैकी किमान ५० ने उतरले होते. हे गुण कसले ते पुढे येतंच. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वंही वर्षभर औषधं घेऊन उपयोग न झालेल्यांसाठी संमोहनाचा विचार करायला सांगतात.

‘सगळं मनाचं आहे तुमच्या’ हे वाक्य ऐकून ऐकून विटलेल्या माणसाला कोणी संमोहन सुचवलं की तो भडकतो, आणि त्याचं काही चुकत नाही. म्हणून पहिल्या बैठकीचा बराच वेळ खुलाशातच जातो. आयबीएसमध्ये आतड्यात जखम किंवा सूज दिसत नाही, पण आतड्यांकडून येणाऱ्या संवेदना वाजवीपेक्षा मोठ्याने ऐकू येतात. जेवढ्या गॅसने दुसऱ्याला काही जाणवणार नाही तेवढ्याने याच्या पोटात कळ उठते. कळ उठली की धास्ती, धास्तीने आतड्याची हालचाल बिघडते, ती बिघडली की आणखी कळ. संमोहनातल्या सूचना या फेऱ्यात मधेच शिरतात. वेदनेची तीव्रता आणि वेदनेचा जाच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे १९९७ मधल्या एका प्रयोगात मेंदूच्या चित्रणातून दिसलं होतं: हात गरम पाण्यात तसाच, पण त्रास कमी वाटेल अशी सूचना दिल्यावर मेंदूच्या पुढच्या सिंग्युलेट भागातली हालचाल बदलली. दुखणं खोटं होतं असा याचा अर्थ नाही. दुखण्याला मेंदू काय भाव देतो ते बदलता येतं, एवढाच.

खुर्चीत बसण्याआधी मात्र पोटाच्या डॉक्टरांकडून निदान पक्कं हवं. शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, ॲनिमिया, जुलाबाने रात्री झोपेतून जाग येणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात आतड्याच्या कॅन्सरचा इतिहास, यातलं एकही असेल तर आधी तपासण्या. चांगला उपचारक पहिल्या फोनवरच हे विचारतो. न विचारता थेट तारीख देणाऱ्याकडे जाऊ नये, असं माझं स्वच्छ मत आहे. संमोहनाने कळ सौम्य होते, आणि नेमका तोच धोका: भलत्या आजाराची कळ सौम्य करून घेतली तर आजार आत वाढत राहतो.

मग गुणांचा तक्ता भरायचा. पाच प्रश्न, प्रत्येकी १०० गुण: पोटदुखी किती, गेल्या दहा दिवसांत किती दिवस दुखलं, फुगारा किती, शौचाच्या सवयीबद्दल नाराजी किती, रोजच्या जगण्यात अडथळा किती. ७५ ते १७५ सौम्य, ३०० पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. हा तक्ता कंटाळवाणा वाटतो, पण भरावाच. सहा-सात आठवड्यांनी ‘काही फरक नाही’ असं वाटत असतं, तेव्हा जुना कागद काढल्यावर दिसतं की दहा दिवसांतले आठ दिवस दुखायचं तिथे आता पाच दिवस दुखतंय. हळूहळू कमी होणारी गोष्ट लक्षात राहत नाही.

मँचेस्टरची रीत साधारण आठवड्याला एक अशा बारा बैठकांची. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाची रीत वेगळी: दोन आठवड्यांनी एक अशा सात बैठका, आणि प्रत्येकीत काय वाचायचं ते शब्दन् शब्द लिहिलेलं. आपल्याकडे बहुतेक उपचारक या दोहोंचं मिश्रण करतात. त्याने बिघडत काही नाही, पण किती बैठका, किती पैसे आणि कोणत्या टप्प्यावर थांबून आढावा घ्यायचा, हे आधी बोलून घ्यावं.

पहिल्या दिवशी खरं संमोहन थोडंच होतं. आधी एक-दोन छोटे नमुने करून घेतात. दोन्ही हात समोर खांद्याच्या रेषेत धरायचे, डोळे मिटायचे. एका हातात पाण्याने भरत चाललेली बादली आहे, दुसऱ्याच्या मनगटाला फुगा बांधलाय. मिनिटभराने डोळे उघडले की हातांमध्ये वीतभर अंतर पडलेलं असतं. कोणाकोणाचं अजिबात पडत नाही. यावरून सूचनेला प्रतिसाद किती मिळेल याचा अंदाज येतो. ही क्षमता माणसामाणसात वेगळी असते. स्टॅनफर्डमध्ये १९५९ पासून यासाठी बारा कसोट्यांचं मोजमाप वापरतात. फार थोडे लोक टोकाचे संवेदनशील, थोडे जवळपास निर्विकार, बाकीचे आपण सगळे मधले. मधल्यांनाही या उपचाराचा उपयोग होतो, त्यामुळे हात हलला नाही म्हणून लगेच चप्पल शोधायचं कारण नाही.

आता प्रत्यक्ष बैठक. आधी शौचालयाला जाऊन यायचं. हे सांगायला संकोच वाटतो, पण आयबीएसवाल्याची निम्मी धास्ती ‘मधेच लागली तर?’ हीच असते. कधीही उठून जायची मुभा आहे हे उपचारकाने तोंडाने म्हणायला हवं. म्हटलं की सहसा उठावं लागत नाही. भरल्या पोटी बसू नये, झोप येते. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढून डबीत. पँटचा पट्टा सैल. मोबाइल सायलेंटवर नाही, बंद. व्हायब्रेट होणारा फोन टेबलावर थरथरला की सगळं विस्कटतं.

खुर्ची पाठीला आधार देणारी, पाय जमिनीला टेकलेले. समोरच्या भिंतीवर, डोळ्यांच्या पातळीपेक्षा बरंच वर, एक ठिपका असतो. मान न उचलता त्याकडे पाहत राहायचं. डोळे वर लावून धरले की त्यांचे स्नायू दमतात, पापण्या जड होतात, पाणी येतं. हे संमोहन नाही, नुसती शरीराची ठेवण आहे. युक्ती वेळेची आहे: पापणी लवण्याच्या क्षणीच उपचारक म्हणतो, ‘पापण्या जड होतायत...’ तो आज्ञा देत नाही, जे चाललंय त्याचं नाव घेतो. दोन-चारदा असं जुळलं की पुढे तो जे अजून झालेलं नाही तेही म्हणतो, आणि शरीर त्याच्या मागे जातं. मँचेस्टरच्याच जेम्स ब्रेड या सर्जनने १८४० च्या दशकात टक लावण्याची ही रीत रूढ केली. आजही तिच्यात फारसा बदल नाही.

डोळे मिटले की पायाच्या बोटांपासून वर एकेक भाग सैल सोडायचा. सूचना श्वास सोडताना येतात, घेताना नाही. श्वास सोडताना छाती आणि खांदे तसेही खाली जातात, ‘सैल’ हा शब्द तिथे बरोबर बसतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी मात्र आधी सांगून ठेवावं, कारण ‘श्वास संथ होतोय’ या वाक्याने त्यांच्यातले काही घाबरे होतात. मग दहा ते एक उलटी मोजणी, बरोबर जिना उतरण्याचं चित्र. हे चित्र सगळ्यांना चालत नाही. गुडघे दुखणाऱ्याला जिना नको असतो, पाण्याला भिणाऱ्याला समुद्रकिनारा नको असतो. ‘शांत जागा’ म्हणून कोणती निवडायची ते पहिल्याच दिवशी आपण सांगायचं असतं. घरामागची पडवी, गावचं देऊळ, एसटीची खिडकी, काहीही चालतं. कॅलेंडरवरचा धबधबा असायलाच हवा असं नाही.

इथपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जातात. पोटाचं काम सुरू होतं ते यानंतर, आणि बऱ्याचदा तेही दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीपासून. दोन्ही तळवे पोटावर ठेवायचे. तळव्यांत ऊब जमतेय, ती कातडीतून आत झिरपतेय, पोटाचे स्नायू मऊ पडतायत. ही ऊब खरोखर जाणवते, आणि पहिल्यांदा जाणवते तेव्हा जरा चमकायलाच होतं. लगेच मन म्हणतं, ‘अरे, होतंय!’, आणि ती गेलेली असते. पुन्हा यायला मिनिटभर लागतं. ऊब अजिबात येत नसेल तर सुरुवातीचे काही दिवस गरम पाण्याची पिशवी दहा मिनिटं धरून मग तळवे ठेवावेत. शरीराला आठवण ताजी असली की सूचना लवकर पकड घेते.

दुसरं चित्र वाहत्या पाण्याचं. जुलाबाचा त्रास असेल तर पाणी खळखळाट सोडून संथ होतं, बद्धकोष्ठ असेल तर अडलेला पाट मोकळा होतो. इथे उपचारकाला तुमचा प्रकार ठाऊक नसेल तर घोटाळा होतो. जुलाबवाल्याला ‘प्रवाह मोकळा होतोय’ ऐकवलं तर तो बिचारा खुर्चीतच आवळून बसतो. आलटूनपालटून दोन्ही त्रास असणाऱ्यांसाठी प्रवाह ‘एका लयीत’ येतो असं म्हणतात. तसंच नकाराचं. ‘पोट दुखणार नाही’ असं ऐकलं की मन आधी दुखण्याचं चित्र काढतं. कसलेला उपचारक ‘पोट शांत आहे, आपलं काम करतंय’ असं बोलतो. ध्वनिमुद्रण घरी ऐकताना ‘नाही’ फार वेळा आलं तर पुढच्या वेळी ते बदलून मागावं. भाषेचंही तेच: ज्या भाषेत आपण स्वतःशी बोलतो तीच हवी. छापील पुस्तकी मराठीतल्या ‘आपल्या उदरपोकळीतील स्नायू शिथिल होत आहेत’ने कोणाचंही उदर शिथिल झालेलं नाही.

शेवटी एक ते पाच मोजून बाहेर आणतात: हातापायाची बोटं हलवा, दीर्घ श्वास, डोळे उघडा. ‘जागंच नाही आलो तर?’ ही भीती निराधार आहे. उपचारक मधेच उठून गेला तरी माणूस थोड्या वेळाने आपोआप डोळे उघडतो, फार तर साधी झोप लागून जागा होतो. डोळे उघडल्यावर घड्याळ पाहिलं तर अर्धा तास झालेला असतो आणि आपल्याला दहा मिनिटं वाटलेली असतात. किंचित गरगरणं, डोकं जड वाटणं होऊ शकतं. पाणी प्यावं, पाच-दहा मिनिटं बसावं, लगेच स्कूटरला किक मारू नये.

हे सगळं करतो कोण, समोरचा की आपण? या प्रश्नाचं उत्तर एका गोंयकाराने दोनशे वर्षांपूर्वी दिलं आहे. १७५६ साली कांदोळीला जन्मलेले आबे फारिया १८१३ पासून पॅरिसमध्ये प्रयोग करून दाखवत. त्या काळी मेस्मर या जर्मन डॉक्टरचे अनुयायी म्हणत की चुंबकासारखी काही शक्ती देणाऱ्याच्या अंगातून घेणाऱ्याच्या अंगात वाहते. फारियांनी ते उडवून लावलं: देणाऱ्यात काही नसतं, जे घडतं ते घेणाऱ्याच्या मनात. गंमत अशी, की पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला त्यांचा जो पुतळा आहे, त्यात झगा घातलेले फारिया हात पसरून एका कोसळत्या स्त्रीवर झेपावल्यासारखे दिसतात. शिल्प म्हणून जोरकस, पण फारियांनी जे खोडलं तेच दाखवणारं. लोकांच्या डोक्यातलं संमोहन अजून त्या पुतळ्यासारखंच आहे.

फारियांचं म्हणणं खरं धरलं तर पुढचं ओघाने येतं: खरा उपचार घरी होतो. बैठकीचं ध्वनिमुद्रण घेऊन रोज १५-२० मिनिटं ऐकायचं. वेळ ठरलेली, जागा ठरलेली. रात्री अंथरुणात ऐकू नये. झोप छान लागते, पण सराव होत नाही. गाडी चालवताना कधीच नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ध्वनिमुद्रण पाठ होऊन कंटाळा येतो. तो येणं चांगलं, कारण तिथून ते न लावता स्वतःच करायला शिकवतात: अंगठा आणि तर्जनी जुळवायची, तीन श्वास, तळवा पोटावर. बैठकीत ही खूण गाढ शिथिलतेशी जोडून दिलेली असते. लोकलमध्ये, मीटिंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत ती कोणाला न दिसता करता येते. फक्त कळ टोकाला गेल्यावर पहिल्यांदा करू नये. पोटात नुसती चुळबुळ सुरू झाली की करावी. टोकाच्या वेळी फसली की तिच्यावरचा विश्वास उडतो.

सगळ्यात जास्त बिघडतं ते प्रयत्नाने. ‘मी बरोबर करतोय ना?’ असं मन सारखं तपासत राहिलं की आतला तो तपासणाराच जागा राहतो. झोप यावी म्हणून डोळे घट्ट मिटल्यासारखं आहे हे. उपाय साधा: तपासणाऱ्याला गप्प बसवायचं नाही, त्याला कोपऱ्यात बसून पाहू द्यायचं. खाज आली तर खाजवायचं, खोकला आला तर खोकायचं. चांगला उपचारक मिक्सरचा आवाजही वाक्यात घेतो: ‘बाहेरचे आवाज बाहेर राहू देत.’ काहींना शिथिल होतानाच छातीत धडधड वाढते. त्यांनी डोळे उघडे ठेवून, कमी वेळ करावं. काहींना अचानक रडू येतं. ते दोन-चार मिनिटांत ओसरतं, उपचारकाने घाई न करता थांबायचं असतं. आणि भास, तीव्र संशय, वास्तवाचं भान सुटणं असे त्रास कधी झाले असतील तर मनोविकारतज्ज्ञाशी बोलल्याशिवाय हा उपचार घेऊच नये.

उपचारक निवडताना पदवी पाहावी. भारतात ‘हिप्नोथेरपिस्ट’ म्हणवून घ्यायला दोन दिवसांचं प्रमाणपत्र पुरतं. मनोविकारतज्ज्ञ, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, आणि त्याशिवाय संमोहनाचं शिक्षण, असा माणूस शोधावा. एका बैठकीत हमखास गुण, चालू औषधं बंद करा, दुखण्याचं मूळ गेल्या जन्मात आहे, यातलं एक वाक्य आलं तरी उठावं. गेल्या जन्माचं प्रकरण निरुपद्रवी करमणूक वाटते, पण तसं नाही. संमोहनात आठवणी जास्त खऱ्या होत नाहीत, जास्त खात्रीच्या वाटतात. कल्पनेने रंगवलेला प्रसंग घडलेला म्हणून डोक्यात पक्का बसू शकतो, आणि त्यात जिवंत नातेवाईक आरोपी झाले तर घरं मोडतात. पोटावर हात ठेवायचा तर तो आपला आपण ठेवतो. उपचारकाने स्पर्श करायचा असेल तर विचारूनच. सोबत कोणी बसलेलं चालेल का, हे निःसंकोच विचारावं. नाही म्हटलं तर कारण विचारावं.

गुण कधी येतो? बहुतेकांना पहिले तीन-चार आठवडे काही ठोस दिसत नाही. आधी धास्ती उतरते, घराबाहेर पडताना शौचालय कुठे आहे याचा हिशेब कमी होतो. दुखणं आणि फुगारा मग. सगळ्यांचा क्रम हाच असेल असं नाही. मँचेस्टरच्याच २५० रुग्णांच्या नोंदींत जुलाबाचा प्रकार असलेल्या पुरुषांना इतरांपेक्षा कमी फायदा दिसला होता. सहा बैठकांनंतर गुणांच्या तक्त्यात काहीच हललं नसेल आणि सराव प्रामाणिकपणे झालेला असेल, तर उरलेल्या सहांचे पैसे भरण्याआधी आहारतज्ज्ञाचा किंवा दुसऱ्या औषधाचा विचार करावा. आहाराचा पर्याय कमी समजू नये: ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या २०१६ मधल्या तुलनेत लो-फॉडमॅप आहार (आतड्यात आंबून गॅस करणारी काही कर्बोदकं कमी केलेला) आणि संमोहन यांचा पोटाच्या लक्षणांवरचा परिणाम जवळपास सारखाच निघाला होता.

ज्यांना गुण येतो त्यांचा बराच टिकतो. मँचेस्टरमध्येच २०४ जणांचा पाठपुरावा झाला होता: सुरुवातीला ७१ टक्क्यांना फायदा, आणि त्यातल्या ८१ टक्क्यांचा तो पुढे एक ते पाच वर्षांनीही कायम. सराव मात्र पूर्ण सोडू नये. आठवड्यातून दोन-तीनदा पुरतो. बदली, आजारपण, घरातलं कार्य अशा ताणाच्या काळात पोट पुन्हा कुरकुरलं तर जुनं ध्वनिमुद्रण काढून पंधरा दिवस रोज ऐकावं, गरज वाटली तर एखादी जादा बैठक घ्यावी. त्रासाची तऱ्हाच बदलली असेल, रक्त दिसलं, वजन उतरलं, रात्री जाग यायला लागली, तर ध्वनिमुद्रण बाजूला ठेवून आधी पोटाच्या डॉक्टरांची वेळ घ्यायची.